नव्या घरातील सोलर वॉटर हीटर : ताबा घेतल्यापासून पहिल्या उन्हाळ्यापर्यंत घ्यावयाची काळजी

नव्या घराचा ताबा घेताना सोलरविषयी बहुतेक कुटुंबे एवढेच विचारतात, की सकाळी गरम पाणी किती वाजेपर्यंत येते. प्रश्न रास्त आहे, पण पुरेसा नाही. गच्चीवरची सौर यंत्रणा शेकडो लिटर कढत पाणी आपल्या डोक्यावर साठवत असते आणि दिवसभर कोणाच्याही देखरेखीशिवाय तापत राहते. तिचे सर्वांत धोक्याचे वर्ष बहुधा पहिलेच असते. यंत्रणा पूर्ण भरलेल्या इमारतीच्या हिशेबाने बसवलेली असते आणि राहायला मात्र मोजकीच कुटुंबे आलेली असतात. पाइप कोणत्या क्रमाने जोडले हे ज्याला ठाऊक असते तो प्लंबर दुसऱ्या साइटवर गेलेला असतो, आणि न्हाणीघरातल्या नव्या नळांचा हात घरात कोणालाच बसलेला नसतो.

महाराष्ट्राच्या बऱ्याच मोठ्या भागाला डिसेंबर २०२० पासून लागू झालेल्या एकात्मिक विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत ठरावीक नव्या इमारतींच्या छतावर सौर पाणी तापवण्याची किंवा सौर विजेची यंत्रणा बसवण्याची तरतूद आहे. त्यामुळे सोलर आता केवळ हौसेने निवडण्याची वस्तू राहिलेली नाही. अनेक नव्या इमारतींत ती घराबरोबरच येते. ज्यांनी आजवर फक्त गिझर वापरला आहे, त्यांनी पुढील पायऱ्या शक्यतो राहायला जाण्याआधी पूर्ण कराव्यात.

पहिली पायरी : आपल्याकडे कोणती यंत्रणा आहे ते ओळखावे

गच्चीवर जाऊन पाहिल्यास दोनपैकी एक प्रकार दिसेल. काळपट काचेच्या लांब नळ्यांची रांग वरच्या आडव्या टाकीत खोवलेली असेल, तर ती ट्यूबवाली यंत्रणा होय. या नळ्या दुहेरी काचेच्या असतात आणि दोन काचांच्या मध्ये निर्वात पोकळी असते. काचेचे झाकण असलेल्या चपट्या पेट्या तिरप्या ठेवलेल्या असतील, तर ती फ्लॅट प्लेट यंत्रणा. तिच्यात तांब्याच्या नळ्यांतून पाणी फिरते. ऊन शोषून पाणी तापवणाऱ्या भागाला कलेक्टर म्हणतात. चपट्या कलेक्टरसाठी भारतीय मानक आयएस १२९३३ आहे. कलेक्टरवरील पट्टीवर आयएसआय चिन्ह आहे का ते पाहून पट्टीचा फोटो काढून ठेवावा.

सुरक्षिततेच्या दृष्टीने याहून महत्त्वाचा भेद दाबाचा आहे. घरोघरी दिसणाऱ्या बहुतेक यंत्रणा बिनदाबाच्या असतात, म्हणजे वरच्या टाकीतून पाणी केवळ उताराने येते आणि सोलरची टाकी एका उघड्या पाइपाने हवेशी जोडलेली असते. अशा टाकीचा आतला पत्रा पातळ असतो आणि प्रेशर पंपाचा दाब सोसण्यासाठी तो बनवलेलाच नसतो. आपली यंत्रणा बिनदाबाची असेल, तर शॉवरला जोर यावा म्हणून तिच्या वाटेवर पंप बसवण्याचा विचार उत्पादकाच्या लेखी संमतीशिवाय करू नये. यंत्रणा दाबाची असेल, तर तिच्यावर दाब आणि तापमान या दोन्हींवर उघडणारा सुरक्षा व्हॉल्व्ह असलाच पाहिजे, आणि त्याच्या तोंडाचा पाइप माणसांच्या वावरापासून दूर, खाली वळवलेला असला पाहिजे.

दुसरी पायरी : ताबा घेतानाच कागद मागून घ्यावेत

यंत्रणेचे वॉरंटी कार्ड, बसवणाऱ्या कंपनीचा तपशील, गच्चीवरच्या पाइपांचा आराखडा आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरने सोलरचे वजन धरून केलेल्या हिशेबाची प्रत हे चार कागद पुरेसे आहेत. दोनशे लिटरच्या घरगुती यंत्रणेत नुसत्या पाण्याचेच वजन दोनशे किलो होते. सोसायटीची यंत्रणा पाच हजार लिटरची असेल तर ते पाच टन. शिवाय हा भार स्टँडच्या मोजक्या पायांवर येतो. नकाशात सोलरची जागा एका ठिकाणी आणि प्रत्यक्षात दुसऱ्याच ठिकाणी असेल, तर ती बाब तेव्हाच लेखी विचारावी.

तिसरी पायरी : गच्चीवरची तपासणी

ही तपासणी सकाळी लवकर करावी. दुपारी धातूचे उघडे भाग हात भाजण्याइतके तापलेले असतात. लहान मुलांना बरोबर नेऊ नये.

सर्वप्रथम टाकीवरून उभा वर गेलेला पाइप शोधावा. त्याला एअर व्हेंट म्हणतात. माझ्या मते संपूर्ण यंत्रणेत एकच गोष्ट पाहायला वेळ असेल, तर ती हीच पाहावी. उन्हात पाणी उकळू लागले तर वाफ याच वाटेने बाहेर जाते, आणि खाली कोणी भराभर पाणी काढले तर हवा याच वाटेने आत येते. हा पाइप बंद असेल तर पहिल्या स्थितीत टाकी आतून फुगते किंवा तिचे सांधे फाटतात, आणि दुसऱ्या स्थितीत बाहेरच्या हवेच्या दाबाने ती आत चेपते. असे असूनही कित्येक गच्च्यांवर व्हेंटच्या तोंडाला बूच मारलेले किंवा कापड कोंबलेले आढळते, कारण त्यातून पाणी उडते अशी कोणाची तरी तक्रार असते. पाणी उडत असेल तर खरे कारण बहुधा वेगळे असते. व्हेंटचे तोंड गार पाण्याच्या टाकीतल्या भरल्या पातळीपेक्षा खाली राहिलेले असते, किंवा गार पाण्याचा दाब नळांमधून उलटा सोलरमध्ये शिरत असतो. पाइप उंच करणे किंवा उलटा प्रवाह थांबवणे हा त्यावरचा उपाय आहे. तोंड बुजवणे हा उपाय कधीही नव्हे.

त्यानंतर ट्यूब पाहाव्यात. प्रत्येक ट्यूबच्या खालच्या टोकाला आतून आरशासारखा चंदेरी थर दिसतो. तो थर पांढुरका, दुधाळ झाला असेल तर त्या ट्यूबमधली निर्वात पोकळी संपली आहे असे समजावे आणि ट्यूब बदलून घ्यावी. साध्या ट्यूबवाल्या यंत्रणेत नळ्या थेट टाकीत उघडतात, म्हणून एक ट्यूब फुटली तरी त्या एका भोकातून टाकीतले कढत पाणी गच्चीवर वाहून जाऊ शकते. कपडे वाळत घालण्याच्या दोऱ्या आणि मुलांची खेळण्याची जागा ट्यूबांच्या उतारापासून दूर ठेवण्याचे कारण हेच आहे.

स्टँडचे पाय कशावर उभे आहेत तेही पाहावे. स्लॅबच्या वर ब्रिकबॅट कोब्याचे, म्हणजे विटांच्या तुकड्यांच्या थराचे, वॉटरप्रूफिंग झाल्यानंतर त्यात छिद्रे पाडून बोल्ट ठोकले असतील, तर पहिल्याच पावसाळ्यात गळती सुरू होते आणि बोल्टही केवळ कोब्यात अडकलेले असल्याने वाऱ्यात टिकाव धरत नाहीत. स्लॅबमधून वर घेतलेल्या काँक्रीटच्या ठोकळ्यांवर स्टँड घट्ट बसवलेला असणे ही योग्य पद्धत होय. वाऱ्याच्या भारासाठीच्या आयएस ८७५, भाग ३ या मानकात पुण्यासाठी मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १४० किलोमीटर, आणि मुंबईसाठी ४४ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १५८ किलोमीटर धरलेला आहे. तिरपा कलेक्टर हा वारा पोटात घेतो. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले तेव्हा घरांवरची छपरे उडाली. कोकणात नवे घर बांधणाऱ्याने स्टँडच्या बोल्टांचा हिशेब कंत्राटदाराच्या अंदाजावर सोडू नये.

चौथी पायरी : पाइप आणि व्हॉल्व्ह

गरम पाण्याच्या वाटेवर साधा पीव्हीसी पाइप कुठेही नसावा. तो उष्णतेने मऊ पडतो, झोळ खातो आणि सांध्यातून निसटतो. सीपीव्हीसी पाइप गरम पाण्यासाठी चालतो, परंतु त्याची दाब सोसण्याची क्षमता साधारणतः ८२ अंश सेल्सिअस तापमानासाठी मोजलेली असते, आणि उन्हाळ्यात पाणी न वापरलेल्या ट्यूबवाल्या टाकीत तापमान त्याहून वर जाऊ शकते. म्हणून टाकीच्या अगदी जवळचा तुकडा धातूचा ठेवणे शहाणपणाचे असते. गच्चीवरून जाणाऱ्या गरम पाइपावर उष्णतारोधक वेष्टन आणि त्यावर उन्हापासून संरक्षण देणारे आवरण असावे. त्याने उष्णता वाचते, आणि कोणाचा हात किंवा पाय लागला तरी भाजत नाही.

गार पाणी सोलरमध्ये शिरते त्या ठिकाणी नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह असावा, म्हणजे तापलेले पाणी उलटे फिरून प्लास्टिकच्या टाकीत जाणार नाही. तो बाण पाहून योग्य दिशेने बसवला आहे का, हे स्वतः पाहावे. उलटा बसवलेला व्हॉल्व्ह सोलरचे पाणीच तोडतो.

आता जी बाब सांगतो, ती फारशी कोणी पाहत नाही. गच्चीवरच्या ज्या टाकीतून सोलरला आणि न्हाणीघरातल्या गार नळांना पाणी जाते, त्या टाकीला सोलरचा पाइप वरच्या पातळीवर आणि गार नळांचा पाइप खालच्या पातळीवर जोडलेला असावा. टाकी रिकामी होत आली की आधी सोलरचे पाणी तुटते आणि गार पाणी थोडा वेळ चालू राहते. जोडणी उलटी असेल, तर पाणीकपातीच्या दिवशी शॉवरखाली उभ्या असलेल्या माणसाचे गार पाणी आधी संपते आणि अंगावर निव्वळ कढत पाणी येते. सोलरसाठी स्वतंत्र टाकी असलेल्या इमारतीत हा धोका कायमच असतो, कारण दोन टाक्या एकाच वेळी रिकाम्या होत नाहीत. तेथे पुढच्या पायरीतील मिक्सिंग व्हॉल्व्ह अत्यावश्यक समजावा.

पाचवी पायरी : न्हाणीघर

भाजण्याचे अपघात गच्चीवर क्वचित होतात. ते न्हाणीघरात होतात. पाणी ६० अंशांचे असेल तर निरोगी प्रौढ माणसाची त्वचा साधारण पाच सेकंदांत खोलवर भाजते, ७० अंशांना सेकंदभरही पुरतो, आणि ५० अंशांना काही मिनिटे लागतात. लहान मुलांची आणि वृद्धांची त्वचा पातळ असल्याने त्यांना याहून कमी वेळ मिळतो. गिझरमध्ये थर्मोस्टॅट ठरावीक तापमानाला वीज तोडतो. उन्हाला तसे तोडणारे काहीच नसते, त्यामुळे मे महिन्यातल्या संध्याकाळी सोलरचा नळ गिझरच्या नळापेक्षा कितीतरी जास्त तापलेले पाणी देऊ शकतो.

त्यात उंच इमारतीतली एक अडचण भर घालते. गच्चीपासून खालच्या मजल्यापर्यंतच्या पाइपात रात्रभर थंडावलेले पाणी असते, म्हणून नळ सोडल्यावर बराच वेळ गारच पाणी येते. माणूस कंटाळून नळ पूर्ण उघडतो, बादली खाली सरकवतो, मुलाला शेजारी उभे करतो आणि टॉवेल आणायला वळतो. नेमक्या त्याच वेळी टाकीतले कढत पाणी पोहोचते. नळ उघडा टाकून न्हाणीघराबाहेर जायचे नाही आणि मुलाला आत घेण्याआधी पाणी तयार ठेवायचे, हे दोन नियम घरातल्या प्रत्येकाला, कामाला येणाऱ्या ताईंनाही, पहिल्याच दिवशी सांगावेत. बादलीत आधी गार पाणी घ्यावे आणि मग त्यात गरम सोडावे. कढत पाण्यात वरून विसण घालण्याची आपली जुनी सवय चुलीवरच्या पातेल्याला ठीक होती. सोलरच्या नळाला ती उलटी करावी, कारण विसण घालेपर्यंत बादलीत फक्त कढत पाणी असते आणि रांगते मूल त्या बादलीपर्यंत पोहोचू शकते.

खात्रीचा उपाय म्हणजे थर्मोस्टॅटिक मिक्सिंग व्हॉल्व्ह. तो गरम आणि गार पाणी ठरवलेल्या तापमानाला, न्हाणीघरासाठी साधारण ४० ते ४५ अंशांना, मिसळून सोडतो आणि गार पाणी तुटले तर गरम पाणीही रोखतो. बसवल्यानंतर त्याची परीक्षा घ्यावी. बादलीत पाणी सोडून, हात दूर ठेवून, गार पाण्याचा कॉक बंद करावा. काही सेकंदांत धार बारीक होऊन थांबली पाहिजे. थांबली नाही, तर व्हॉल्व्ह नुसता नावाला आहे. गरम आणि गार पाण्याच्या दाबात फार फरक असेल तर असा व्हॉल्व्ह नीट चालत नाही, म्हणून गार लाइनवर पंप किंवा दाब कमी करणारा व्हॉल्व्ह असेल तर ती माहिती प्लंबरला आधीच द्यावी.

हा दाबातला फरक आणखी एक घोटाळा करतो. गरम-गार पाणी मिसळणाऱ्या नळाचे, म्हणजे मिक्सरचे, दोन्ही कॉक उघडे आणि पुढचा शॉवर किंवा हेल्थ फॉसेट बंद असेल, तर गार पाणी मिक्सरमधूनच गरम लाइनमध्ये घुसते. एका घरातल्या अशा उघड्या मिक्सरमुळे सगळ्या मजल्यांचे पाणी कोमट होते, तापमान अचानक वर-खाली होते आणि गच्चीवर व्हेंटमधून पाणी वाहू लागते. प्रत्येक मिक्सरच्या दोन्ही बाजूंना नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवणे स्वस्तात होते. टाइल्स लागल्यानंतर तेच काम महागात पडते.

सोलरचे पाणी गिझरमधून पुढे नेण्याची जोडणीही पुष्कळ ठिकाणी केलेली असते. आत येणारे पाणी आधीच ७०-८० अंशांचे असणे त्या गिझरला चालते का, हे त्याच्या माहितीपत्रकात पाहावे. स्पष्ट उल्लेख नसेल तर दोन्हींचे नळ वेगळे ठेवावेत.

सहावी पायरी : पहिली भरणी

इमारत तयार होऊन ताबा मिळेपर्यंत काही महिने जातात, आणि तोवर ट्यूब उन्हात कोरड्या तापत असतात. कोरड्या ट्यूबच्या आतले तापमान २०० अंशांच्या वर जाऊ शकते. भर दुपारी तिच्यात गार पाणी सोडले तर काच तडकते, किंवा पाण्याची एकदम वाफ होऊन ते उसळते. भरणी पहाटे किंवा सूर्यास्तानंतर बऱ्याच वेळाने करावी. फुटलेली ट्यूब बदलल्यानंतरही हाच नियम पाळावा, मग त्या दिवशी गरम पाणी मिळाले नाही तरी चालेल.

यंत्रणा आधीच भरून ठेवलेली असेल तर प्रश्न वेगळा असतो. साधारण २० ते ४५ अंशांच्या साचलेल्या पाण्यात लेजिओनेला नावाचे जिवाणू वाढतात आणि शॉवरच्या बारीक तुषारांबरोबर श्वासातून फुप्फुसात जाऊन न्यूमोनिया घडवू शकतात. म्हणून राहायला जाण्यापूर्वी टाकीतले जुने पाणी तळाच्या ड्रेनने पूर्ण काढावे, तेही टाकी गार असताना आणि व्हेंट उघडा असल्याची खात्री करून. ट्यूबवाली टाकी लगेच, ऊन चढण्याआधी पुन्हा भरावी. नंतर टाकीतले पाणी एकदा ६० अंशांच्या वर तापू द्यावे आणि शॉवरची चाळणी काढून, खिडकी उघडी ठेवून, प्रत्येक गरम नळ काही मिनिटे वाहू द्यावा. सोलरचे पाणी पिण्यासाठी किंवा स्वयंपाकासाठी वापरू नये.

सातवी पायरी : टाकीतला विजेचा हीटर

पावसाळ्यासाठी टाकीत दोन किंवा तीन किलोवॅटचा हीटर बसवलेला असतो. त्याला स्वतंत्र एमसीबी (जास्त प्रवाह झाल्यास वीज तोडणारा स्विच), नीट अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरला तुटणारा आरसीसीबी (विजेची गळती झाल्यास वीज तोडणारा स्विच) हवा. त्याची जोडणी गच्चीवर पावसात असते, म्हणून जोडपेटी पावसापासून बंद होणारी असावी आणि वायर उघडी लोंबकळत नसावी. आरसीसीबीवरचे चाचणीचे बटण महिन्यातून एकदा दाबावे; स्विच खाली पडला नाही तर इलेक्ट्रिशियन येईपर्यंत हीटर लावू नये. टाकीत पाणी आहे याची खात्री असल्याखेरीज, आणि विशेषतः पाणीकपातीनंतर, हा हीटर चालू करू नये.

आठवी पायरी : निम्म्या रिकाम्या इमारतीतला पहिला उन्हाळा

चाळीस कुटुंबांसाठी बसवलेली यंत्रणा सहा कुटुंबे वापरत असतील, तर मार्च ते मे या काळात पाणी दिवसेंदिवस तापत जाते आणि उकळीपर्यंत पोहोचते. अशा वेळी काही ठिकाणी कलेक्टरच्या दोन्ही बाजूंचे व्हॉल्व्ह बंद करून तो बाजूला काढला असे समजले जाते. हे अत्यंत घातक आहे, कारण आत अडकलेल्या पाण्याला प्रसरण पावायला जागाच उरत नाही. योग्य मार्ग म्हणजे जास्तीचे कलेक्टर पहाटेच्या वेळी ताडपत्रीने किंवा जाड शेडनेटने झाकून बांधून ठेवणे आणि गार पाण्याचा पुरवठा चालू ठेवणे. बंगल्यातले कुटुंब सुटीत गावाला जाताना हेच करावे.

ताबा घेतल्यावर पहिल्या उन्हाळ्यात एकदा, ऊन चांगले असलेल्या दिवशी संध्याकाळी, गरम नळाचे पाणी स्टीलच्या भांड्यात घेऊन त्याचे तापमान मोजावे. थर्मामीटर शंभर अंशांपर्यंतचा हवा. तापाचा चालत नाही.

भाजल्यास काय करावे

भाजलेला भाग ताबडतोब वाहत्या गार पाण्याखाली धरावा आणि वीस मिनिटे धरून ठेवावा. अंगठ्या, बांगड्या, ओले कपडे लगेच काढावेत. कातडीला चिकटलेले कापड ओढू नये. बर्फ, टूथपेस्ट, हळद, तूप यांपैकी काहीही लावू नये. नंतर स्वच्छ सुती कापडाने सैल झाकून रुग्णालयात न्यावे. मूल असेल, चेहरा, हात किंवा जननेंद्रिये भाजली असतील, तर थोडे वाटले तरी डॉक्टरांना दाखवावेच. महाराष्ट्रात रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक आहे.

दोष आढळल्यास तक्रार

बुजवलेला व्हेंट किंवा सैल बोल्ट सोसायटीने स्वतः दुरुस्त करवून घेतला तरी चालतो. परंतु चुकीचे पाइप, उलट्या पातळीची जोडणी किंवा फोडलेले वॉटरप्रूफिंग ही बिल्डरची जबाबदारी आहे. रेरा, म्हणजे स्थावर संपदा (विनियमन व विकास), कायद्याच्या कलम १४(३) नुसार ताबा दिल्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामातील, कामाच्या दर्जातील किंवा सेवासुविधांतील दोष निदर्शनास आणून दिल्यास तो विनाशुल्क, तीस दिवसांत दूर करणे प्रवर्तकावर, म्हणजे बिल्डरवर, बंधनकारक आहे. तक्रार तोंडी किंवा सोसायटीच्या ग्रुपवर करून थांबू नये. पत्र किंवा ईमेल पाठवावा आणि त्यात दोषाचे ठिकाण, तारीख असलेला फोटो, मोजलेले तापमान व मोजल्याची वेळ लिहावी, त्याची पोच जपून ठेवावी, आणि तीस दिवसांत काम झाले नाही तर तीच कागदपत्रे जोडून महारेराकडे, म्हणजे या कायद्याखालील राज्याच्या प्राधिकरणाकडे, जावे.